मी आणि हे

“कोण पाहिजे?” पलीकडून विचारणा झाली आणि माझं ‘नमस्कार’ म्हणायचं राहूनच गेलं. हॅलो न म्हणता आधी ‘कोण पाहिजे’ विचारणारी माणसं या मतदारसंघात पुष्कळ असतील. पण त्या दोन शब्दांच्या आधी रिसीव्हर अंगावरच्या कपड्याला पुसल्याची ती खरखर, आणि नंतर ताणून धरलेला श्वास, जणू पलीकडचा माणूस आता काहीतरी विकणार आणि आपण ते घेणार नाही हे ठरलेलंच आहे. असा फोन मी जगात एकाच घरी ऐकलेला होता. नंबर आम्हाला दिसत नाहीत. कॉम्प्युटर स्वतःच लावतो, पडद्यावर नुसती फुल्यांची माळ उमटते आणि कानात माणूस येतो. सकाळपासून माझ्या कानात एक रागावलेले निवृत्त कारकून, एक अंघोळीला निघालेली मुलगी आणि ‘मत देतो पण सांगत नाही’ म्हणणारा न्हावी येऊन गेला होता. आणि आता आई.

ओळखीचं माणूस लागलं तर काय करायचं हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ओळखीचे’ असं लिहिलेलं बटण आहे, ते दाबायचं, फोन आपोआप कटतो, दुसरा लागतो. मी ते दाबलं नाही. मागच्या टेबलावर कानसेन बसला होता म्हणून असेल. कानसेन म्हणजे आमचा सुपरवायझर. कुणाचा फोन तो कधी चोरून ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून पडलेलं नाव. पण कानसेनची भीती वाटावी असं माझं वय राहिलेलं नाही. खरं म्हणजे तोवर माझ्या तोंडून ऑफिसचा आवाज निघूनही गेला होता. “नमस्कार, आम्ही आपल्या मतदारसंघाचा अभ्यास करत आहोत. आपला थोडा वेळ मिळेल का?” हा आवाज माझ्या आवाजापेक्षा जाड आहे, गुळगुळीत आहे, त्याला गाव नाही, वय नाही, घरी जायची घाई नाही. तो लावला की मी स्वतःलाच जरा बरी वाटते. आईला मी ‘ऑफिसात’ असते एवढंच माहीत. “मिळेल की,” आई म्हणाली. “वेळच वेळ आहे. बसू का मी?”

बसू का मी! मी रोज संध्याकाळी तिला फोन करते तेव्हा ती उभीच असते, तिच्या आवाजावरून कळतं. जेवलीस? हो. गोळी? हो. बरं, ठेवते. एवढ्यासाठी कोण बसेल? आता पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला, गुडघे मोडल्याचा एक लहान ‘आई गं’ आला. मी छापील मजकूर वाचत राहिले. “आपली उत्तरं गुप्त राहतील. ती कुणालाही सांगितली जाणार नाहीत.”

“मुलांनासुद्धा?”

याचं उत्तर छापलेलं नव्हतं. “कुणालाही,” मी म्हणाले.

“मग विचारा.”

आमच्या कामाचा एकच नियम कठीण आहे. उत्तराला उत्तर द्यायचं नाही. कुणी म्हणालं, मुलगा गेला, तरी ‘अरेरे’ नाही. कुणी म्हणालं, नात झाली, तरी ‘अरे वा’ नाही. ‘धन्यवाद, पुढचा प्रश्न.’ नव्या मुलींना हे जमत नाही, त्या रडतात किंवा गप्पा मारतात. मला पहिल्या आठवड्यात जमलं, आणि आपल्याला हे इतक्या सहज कसं जमलं याची चुटपुट लागून राहिली. वय विचारलं, आईनं एक-दोन वर्षं खाल्ली, मी खाऊ दिली. शिक्षण विचारलं. “तुमच्याकडे काय काय आहे?” भाजीवाल्याला विचारावं तसं तिनं विचारलं. मी सगळे पर्याय वाचले. “माध्यमिक लिहा. पुरं नाही झालं, पण तो माझा दोष नव्हता.” व्यवसाय. माझं बोट गृहिणीवर गेलेलंही होतं. “शिवणकाम,” ती म्हणाली. “अख्ख्या गल्लीचे शाळेचे गणवेश मी शिवलेत.” आमच्या शाळेच्या अर्जावर आईच्या व्यवसायापुढे बाबा पट्टी लावून आडवी रेघ मारायचे. सरळ, सुबक रेघ. तिच्याकडे बघून मला लहानपणी वाटायचं की हा आईचा व्यवसाय चांगला आहे, नीटनेटका.

“घरात एकूण किती जण राहतात?”

“दोघं.”

मी थांबले. थांबायचं नसतं. “कोण कोण, सांगाल?”

“मी आणि हे.”

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आईनं त्यांचं नाव त्यांच्या हयातीत घेतलं नाही आणि नंतरही नाही. समोर असताना अहो, मागे हे. आमच्या घरात ‘हे’ म्हणजे काय हे मला बोलता येण्याच्या आधीपासून कळत होतं. हे आले, हे जेवले, ह्यांना आवडत नाही. शाळेत व्याकरणाच्या बाईंनी ‘हे’ सर्वनाम आहे, ते कुणाच्याही ऐवजी येतं असं सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, नाही, ते एकाच माणसाचं नाव आहे. आता पडद्यावर नात्याच्या चौकटीत काहीतरी लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी लिहिलं: पती. “त्यांचं वय?” “माझ्यापेक्षा नऊनं मोठे. मोजा तुम्हीच.” मी मोजलं. बाबांचं ते वय कधी झालंच नव्हतं. “त्यांचा व्यवसाय?” “आता कसला व्यवसाय,” आई म्हणाली. “बसून असतात.”

बायका असं सांगतात, मी स्वतःला समजावलं. एकट्या राहणाऱ्या बाईनं परक्या माणसाला ‘एकटी आहे’ सांगू नये, हे मीच तिला शिकवलं होतं. मी स्वतः, नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर नदीपलीकडे दोन खोल्या घेतल्या तेव्हा, दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवायची. तेव्हा आईचंही तसंच असेल. शहाणपण असेल. पण शहाणपणाचा आवाज जरा घाईचा असतो, आणि आईच्या आवाजात घाई अजिबात नव्हती. ‘बसून असतात’ म्हणताना तिनं मान वळवून बघितल्यासारखा तिचा आवाज फोनपासून किंचित लांब गेला होता.

पुढे आमदारांचे प्रश्न होते. हा मतदारसंघ मी आता पाठ केला आहे. मुकादमाला यानं जिवंत असेपर्यंत निवडून दिलं, वकिलाला कंटाळा येईपर्यंत, बाईंना चुकून, आणि ठेकेदाराला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. कारखाना चालू होता तेव्हा इथे सगळा कामगार राहायचा आणि मुकादम म्हणेल तिथे हात वर करायचा. कारखाना बंद पडला, कामगारांची मुलं कारकून झाली आणि कारकुनांना आपल्यापेक्षा चांगलं बोलणारा माणूस हवा असतो, म्हणून वकील. आता कारखान्याच्या जागेवर उंच इमारती आहेत, त्यात भाड्यानं राहणारी तरुण माणसं आहेत, ती मत आपल्या आईबापांच्या गावी ठेवून इथे नुसती झोपायला येतात. उरलेली म्हातारी माणसं मत देतात. आमच्या तक्त्यात त्यांना ‘साठीपुढचे, एकटे, खात्रीचे मतदार’ म्हणतात. ज्या कुणासाठी आम्ही हा अभ्यास करतो, त्याला या खात्रीच्या मतदारांची खात्री करून घ्यायची असते. कोण तो, हे आम्हाला सांगत नाहीत.

“याआधीच्या कोणत्या आमदाराचं काम आपल्याला सगळ्यात चांगलं वाटलं?”

“बाई,” आई चटकन म्हणाली. बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका. एकदाच निवडून आल्या, मुदतही पुरी झाली नाही, पुढच्या निवडणुकीत सपाटून पडल्या. “त्यांना मी मत दिलं होतं. पडल्या तेव्हासुद्धा दिलं होतं.”

“आणि घरातल्या इतरांनी?”

“ह्यांनी वकिलांना. हे वकिलांचेच.” मग आवाज खाली आला. “ह्यांना अजून माहीत नाही. तुम्ही सांगणार नाही ना?”

अजून. मी म्हणाले, “धन्यवाद, पुढचा प्रश्न. सध्याचे आमदार कोण आहेत, हे आपल्याला माहीत आहे का?”

आई गप्प झाली. आमच्याकडे नव्या मुली एक चूक हमखास करतात. गप्प बसलेल्या माणसापुढे त्या ‘माहीत नाही’ लिहून टाकतात. पण ‘माहीत नाही’ वेगळं आणि ‘सांगायचं नाही’ वेगळं, दोन निराळी बटणं आहेत, आणि दोन निराळ्या शांतता. माहीत नसलेला माणूस आतल्या आत शोधत असतो, त्याचा श्वास इकडेतिकडे जातो. सांगायचं नसलेल्याचा श्वास एका जागी थांबून राहतो, दाराला आतून पाठ लावून उभं राहावं तसा. कान तयार झाला की फरक कळतो, आणि माझा कान तयार आहे असं कानसेनसुद्धा म्हणतो. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. शेजारच्या टेबलांवर वीस बायका एकाच वेळी वय आणि शिक्षण विचारत होत्या. मला कळेना. रोज इतक्या परक्या माणसांचं कळतं, आणि जन्म दिलेल्या बाईचं कळेना.

“पुढचं विचारा,” आई म्हणाली.

मी ‘सांगायचं नाही’ दाबलं. आभार मानले. फोन ठेवताना ती म्हणाली, “बरं वाटलं हो,” आणि फुल्यांची माळ पुसली गेली आणि कानात एक दूधवाला आला.

त्या शुक्रवारी आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ते दादानं ठरवलं होतं. मागच्या महिन्यात शेजारणीनं दादाला फोन करून सांगितलं होतं की दार सताड उघडं, नळ वाहतोय आणि आई जिन्यात पायरीवर बसलेली. काय करत होतीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, वाट बघत होते. कुणाची? वाऱ्याची, आत उकडत होतं. दादाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तो रात्रभराच्या प्रवासावर दुसऱ्या शहरात राहतो, आणि लांब राहणाऱ्या मुलांना काळजी फार स्पष्ट दिसते. “डॉक्टर म्हणाल्या की विसरभोळेपणाचं दुखणं सुरू झालंय, तर त्याच दिवशी मी तिला घेऊन जाणार,” तो मला म्हणाला होता. “घराला कुलूप. घर काही पळून जात नाही, माणूस जिन्यावरून पडतं.” तो वाईट बोलत नव्हता. त्याच्या घरी आईला खोली आहे, वहिनी प्रेमानं करेल, खिडकीतून झाड दिसतं. फक्त त्या घरात आई ‘दादाची आई’ होईल, आणि या घरात ती जी कोण आहे ती इथेच कुलपात राहील. एवढंच. आणि हे ठरणार होतं डॉक्टरांच्या काही प्रश्नांवर. आणि त्या प्रश्नांच्या आधी, चुकून, मीच तिला विचारून बसले होते, आणि उत्तर माझ्याकडे होतं, आणि कुणालाही सांगणार नाही असा शब्दही मीच दिला होता. कोणाच्या आवाजात दिला होता, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या आवाजाला नावसुद्धा ऑफिसनं दिलेलं आहे. त्या बाईनं दिलेला शब्द मी का पाळावा?

बाबा वकिलांचे होते, म्हणजे काय होते हे आज कुणाला समजावून सांगता येणार नाही. ते त्यांचे नोकर नव्हते, नातेवाईक नव्हते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसायचे, एवढाच त्यांचा हुद्दा. पण वर्षभर त्यांच्या डोक्यात तोच दिवस चालायचा. मला खांद्यावर घेऊन गल्लीतून जाताना ते घरं दाखवायचे: हे आपलं, हे आपलं, हे त्यांचं, हे कुंपणावरचं. मला वाटायचं खरंच सगळी घरं आपली आहेत, भाड्यानं दिलीत. ‘आपल्या घरची मतं’ हा त्यांचा आवडता शब्द. मतदानाला निघताना ते आईला दारात थांबवून चिन्ह पुन्हा एकदा सांगायचे, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं, आणि आई मान डोलवायची. बाई निवडून आल्या त्या रात्री ते जेवले नाहीत. “कुणीतरी फुटलं,” ते म्हणत राहिले. “आपल्यातलंच कुणीतरी फुटलं.” त्यांनी गल्लीतल्या एकेका घराचा विचार केला, बोटांवर मोजून मोजून. कासाराचं घर फुटलं असेल, पोस्टमनचं असेल. आई त्यांच्या समोरच गणवेशाला काज करत होती. मी तेव्हा शाळेत जात होते, मला तिचा चेहरा आठवत नाही; सुई आठवते, ती जराही अडखळत नव्हती. अख्ख्या गल्लीवर बाबांनी संशय घेतला, शेजारपाजारच्या दोन घरांशी बोलणं टाकलं, आणि फुटलेलं माणूस रोज त्यांना वाढत होतं. ह्यांना अजून माहीत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. मेलेल्या माणसापासून लपवायचं काय असतं? नसतंच. म्हणजे तिच्या लेखी ते मेलेले नाहीत. किंवा असं, की एखादी गोष्ट जन्मभर लपवली की लपवणं तेवढं उरतं, ज्याच्यापासून लपवायचं तो गेला तरी. मी एका विचारावरून दुसऱ्यावर जात होते आणि ऑफिसात लोकांची वयं चुकीची लिहीत होते. कानसेननं दोनदा चहाला पाठवलं.

गुरुवारी मी आईकडे गेले. उद्याचे कपडे काढून ठेवायला, असं सांगून गेले, पण खरं तर चोरासारखी गेले. मोरीत ताटं किती, एक. पलंगाची कुठली बाजू चुरगळली आहे, मधली. बाबांचा चष्मा जिथे होता तिथेच, काचांवर धूळ. मला इतकं बरं वाटलं की मी ती धूळ पुसलीच नाही. आई शिवणयंत्राला तेल घालत होती. तिचे हात मी पाहत होते, ते चुकत नव्हते. हात कधी विसरायला लागतात? आधी की शेवटी?

“कुणी येतं का गं इकडे?” मी विचारलं.

“कोण येणार. मीटर बघायला येतो तो. आणि हो, फोनवर एक बाई आली होती.”

मी कपाटात तोंड घातलं. “कसली बाई?”

“मतदारसंघाची. चांगली होती. मध्ये बोलत नव्हती. तुम्ही दोघं माझं वाक्य पुरंच होऊ देत नाही, मी अर्ध्यात असते तोवर तुमचं ‘बरं बरं’ सुरू.”

“बरं, काय विचारलं तिनं?”

“ते सांगायचं नसतं,” आई म्हणाली. तिनं तेलाच्या बुधलीचं टोपण घट्ट लावलं. “गुप्त असतं.”

मला हसूही आलं आणि कानामागे गरम झालं. आपल्याच आईनं आपल्यापासूनच लपवलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असावी, आणि ती तिला विचारता येऊ नये. मी कपाटात उभी राहून तिच्या कपड्यांचा वास घेतला. साबण, तेल, जुना कापूस. म्हातारपणाचा वास त्यात कुठे आहे का, हुंगून बघितलं. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी उगीच दोन घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दवाखान्यात दादा आधीच येऊन बसला होता, प्रवासाच्या कपड्यांत. त्यानं आईला धरून आणलं, जरा जास्तच धरून. डॉक्टर वयानं लहान होत्या, मऊ बोलणाऱ्या. आजची तारीख काय? “तारीख भिंतीवर बघायची असते,” आई म्हणाली, “तुमच्या भिंतीवर कॅलेंडरच नाही.” पण सांगितली, बरोबर. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, खुर्ची, किल्ली, सफरचंद. मधे उलट अंक मोजायला लावले, आई एका ठिकाणी घसरली, सावरली. शब्दांतला एक हरवला. “किल्ली हरवली,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. दादा हसला नाही. मग डॉक्टरांनी त्याच मऊ आवाजात विचारलं, “आजी, तुमच्या भागाचे आमदार कोण?”

खोलीत पंखा फिरत होता. आई गप्प झाली. मी डोळे मिटले आणि नुसता कान उघडा ठेवला, आणि या वेळी मला ऐकू आलं. हेडफोन नव्हता, वीस बायका नव्हत्या, ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. श्वास इकडेतिकडे जात नव्हता. तो एका जागी थांबलेला होता, दाराला पाठ लावून. “पुढचं विचारा,” ती म्हणाली, आणि डॉक्टरांचं पेन हललं.

“डॉक्टर, तिला माहीत नाही असं नाही,” मी म्हणाले. “तिला त्याचं नाव घ्यायचं नाही.”

“असेल,” डॉक्टर म्हणाल्या. खरंच समजून घेऊन म्हणाल्या. “पण माझ्याकडे दोन्हीला गुण नसतो.”

“आई, अगं इतकं सोपं, तो तो…” दादा बोलायला गेला आणि थांबला. त्याला आठवेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. डॉक्टर हसल्या. “मलाही नक्की सांगता येणार नाही, मी या भागातली नाही,” म्हणाल्या आणि परिचारिकेनं आईला वजनासाठी पडद्यामागे नेलं. मग त्यांनी खुर्ची जवळ घेतली. “एक विचारते. एकट्या राहतात ना? वडील अजून आहेत असं कधी बोलतात का? त्यांच्यासाठी ताट करणं, त्यांची वाट बघणं?”

“मला नाही आढळलं. पण मी लांब असतो,” दादा म्हणाला. “हिला विचारा. ही रोज बोलते.”

पडद्यामागे वजनकाट्याची खुटखुट थांबली. पडदा पातळ होता, खाली आईच्या पायांची बोटं दिसत होती, काट्यावर नीट जुळवून ठेवलेली. या एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर ती आज संध्याकाळच्या बसमध्ये दादाच्या शेजारी बसलेली असणार. कदाचित तेच बरं. कदाचित आज मी नाही म्हणाले तर उद्या ती जिन्यावरून पडेल, आणि ते पडणं माझं असेल, जन्मभर माझं. हे सगळं मला कळत होतं. आणि तरी आतून जो आवाज वर आला तो जाड होता, गुळगुळीत होता, त्याला वय नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “असं काही नाही.”

डॉक्टरांनी लिहिलं. सुरुवात असू शकते, म्हणाल्या, पण इतक्यात घर हलवायची गरज नाही. रोज कुणीतरी डोकावायला हवं. काही वेगळं दिसलं तर थांबू नका. बाहेर आल्यावर दादानं माझा दंड धरला. “तुझ्या जबाबदारीवर,” तो म्हणाला. “हो,” मी म्हणाले, “माझ्या.” त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याला मिठी मारावीशी वाटली, पण आम्ही मिठ्या मारणाऱ्यांतले नाही. तो संध्याकाळच्या बसनं गेला.

मी आईला घरी घेऊन आले. जिन्यात ती प्रत्येक वळणावर थांबली, दम लागला म्हणून नव्हे, असं मला दाखवत. कुलूप तिनंच उघडलं. दवाखान्यात हरवलेली किल्ली इथे तिच्या हातात होती. आत गेल्यावर मी दार लोटायला लागले.

“राहू दे उघडं,” आई म्हणाली. “हे यायची वेळ झाली.”

तिनं ते इतक्या साधेपणानं म्हटलं, दूध उतू जाईल म्हणावं तसं. माझा हात दारावरच राहिला. इतका वेळ मी ज्याला उराशी धरून होते ते ‘कदाचित तसं नसेल’ माझ्या हातून खाली पडलं, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी डॉक्टरांशी खोटं बोलले. भावाशी खोटं बोलले. त्याची बस अजून शहराबाहेरही पडली नसेल, एक फोन केला तर तो उतरून परत येईल. फोन माझ्या पिशवीत होता. मी पिशवीत हात घातला, फोनला लागला, तो गार होता. मला एवढी वर्षं पगार मिळतो तो ज्या एका गोष्टीसाठी, तीच तेव्हा मला आठवली. उत्तराला उत्तर द्यायचं नाही. पुढचा प्रश्न.

“किती वाजता येतात?” मी विचारलं. माझ्याच आवाजात.

“ठरलेलं नाही. कधी येतात, कधी येतच नाहीत. पूर्वी काय वेगळं होतं?” आईनं पायातल्या चपला भिंतीशी सरळ लावल्या. “वकिलांकडे बसले की संपलं.”

“मग येऊन काय करतात?”

“बसतात. मी बोलते. हल्ली ऐकून घेतात.” मग ती माझ्याकडे वळली आणि थोडी चिडून म्हणाली, “आणि तू अशी बघू नकोस. ते गेलेत, मला माहीत नाही होय? माझ्यासमोर गेले. गेलेत. आणि येतात. दोन्ही आहे. तुमच्या त्या डॉक्टरीणबाईला दोन्ही चालत नाही, म्हणून मी तिथे बोलले नाही. तूही बोलली नाहीस ते बरं केलंस.”

तिला पडद्यामागून ऐकू गेलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दोन्ही आहे हे आजारी माणसाचं बोलणं की शहाण्याचं, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. एवढं कळलं की ती पुरं वाक्य बोलली, आणि मी मध्ये ‘बरं बरं’ केलं नाही. खाली रस्त्यावर ठेकेदाराची गाडी भोंगा लावून चालली होती, खात्रीच्या मतदारांना नमस्कार करत. उघड्या दारातून जिन्यातली गार हवा आत येत होती.

“आई, मी इकडे राहायला आले तर?”

ती विचारात पडली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक हात ठेवून, अगदी खरोखर विचारात पडली. “ह्यांना विचारायला हवं.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“म्हणतील की. ते नाहीच म्हणतात आधी.” आईनं पाण्याचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदाच त्या दिवशी मोकळं हसली. “अगं, विचारायचं असतं त्यांना सगळं. मान डोलवायची. आणि करायचं आपल्या मनाचं. तू सामान कधी आणतेस ते बोल.”

“रविवारी,” मी म्हणाले, आणि दारासमोरची खुर्ची मोकळी सोडून पलंगाच्या कडेवर टेकले.